इंग्रजीतील 'बोथ' : अर्थ आणि वापर

'बोथ' या शब्दाचा अर्थ शोधण्यासाठी कोणी शब्दकोश उघडत नाही. 'दोघे' किंवा 'दोन्ही', एवढे तर शाळकरी मुलालाही ठाऊक असते, असे आपण धरून चालतो. मोठा शब्द अडला तर माणूस चारचौघांत विचारतो. लहान शब्द विचारायची मात्र लाज वाटते. म्हणूनच स्पर्धा परीक्षेची उत्तरपत्रिका, नोकरीचा अर्ज आणि बँकेचा फॉर्म या तिन्ही ठिकाणी अशा चिमुकल्या शब्दांनीच घोटाळा होतो. आमची पिढी पाचवीपासून इंग्रजी शिकली. २००० सालापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत ते पहिलीपासून आले. तरी 'बोथ'ची अडचण दोन्ही पिढ्यांना सारखीच आहे, कारण ती इंग्रजीच्या अज्ञानातून येत नाही. ती येते आपल्या मराठीच्या सवयीतून. या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्या विद्यार्थ्यांसमोर आणि सभासदांसमोर हा एकच शब्द नीट मांडावा, असे आम्ही ठरवले.

प्रथम हे लक्षात घ्यावे की 'टू' आणि 'बोथ' एक नव्हेत. 'टू' मोजतो, 'बोथ' मोजत नाही. जी दोन माणसे किंवा वस्तू ऐकणाऱ्याला आधीच माहीत आहेत, त्यांपैकी एकही वगळलेली नाही, असे 'बोथ' सांगतो. याचे उत्तम उदाहरण आपल्या राज्यघटनेत सापडते. मसुदा समितीचे अध्यक्ष परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, आणि त्या इंग्रजीत साधे शब्दही तोलून वापरलेले दिसतात. अनुच्छेद ७९ मध्ये संसदेची रचना सांगताना राष्ट्रपती आणि दोन सभागृहे अशी ओळख प्रथमच करून द्यायची आहे, म्हणून तेथे 'टू हाउसेस' आहे. पुढे अनुच्छेद १०८ मध्ये संयुक्त बैठकीचा विषय येतो तेव्हा ही सभागृहे वाचकाच्या ओळखीची झालेली असतात, म्हणून तेथे 'बोथ हाउसेस' येते. 'आय हॅव टू ब्रदर्स' असे आधी सांगावे, मग 'बोथ आर टीचर्स' म्हणावे. पहिल्याच वाक्यात 'आय हॅव बोथ ब्रदर्स' म्हटले तर ऐकणारा विचारेल, कोणते दोन्ही?

आता मराठीकडे वळू. आपली भाषा या बाबतीत श्रीमंत आहे. पुरुष असतील तर दोघे, स्त्रिया असतील तर दोघी, वस्तू असतील तर दोन्ही. इंग्रजीत या सर्वांना एकच 'बोथ'. पण या श्रीमंतीपायी आपण एका ठिकाणी हमखास घसरतो. मराठीत आपण 'माझे दोन्ही भाऊ' म्हणतो. आधी 'माझे', मग 'दोन्ही'. तोच क्रम उचलून विद्यार्थी लिहितो 'माय बोथ ब्रदर्स'. भारतीय इंग्रजीतील ही सर्वांत पसरलेली चूक असेल. इंग्रजीत 'बोथ' रांगेत सर्वांच्या पुढे उभा राहतो : 'बोथ माय ब्रदर्स', 'बोथ द बुक्स', 'बोथ दीज रूम्स'. 'द बोथ बुक्स' हेही तसेच अशुद्ध. 'ऑफ' घातला तरी चालतो, न घातला तरी चालतो : 'बोथ ऑफ माय ब्रदर्स'. मात्र पुढे सर्वनाम आले तर 'ऑफ' हवाच, आणि सर्वनाम कर्माच्या रूपात हवे : 'बोथ ऑफ देम', 'बोथ ऑफ अस'. 'बोथ दे' किंवा 'बोथ वी' असे होत नाही. सर्वनाम पुढे आणायचे असेल तर 'दे बोथ', 'वी बोथ' म्हणावे. क्रियापदाबरोबरची जागाही ठरलेली आहे. 'दे आर बोथ रेडी', 'दे हॅव बोथ गॉन' अशी, म्हणजे 'आर' आणि 'हॅव' यांच्या नंतर. हे नियम पाठ करण्यापेक्षा दहा वाक्ये मोठ्याने म्हणावीत. जीभ आपोआप वळते.

या शब्दाचे कूळ थोडे सांगितल्याशिवाय आम्हाला राहवत नाही, कारण ते आपल्या घरापर्यंत येते. 'बोथ' हे रूप इंग्रजीत उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतून आले. 'दे' हा शब्दही त्यांचाच. म्हणजे 'दे बोथ' म्हणताना दोन्ही शब्द पाहुण्यांचेच. पण त्याहून जुने नाते असे की संस्कृतमधील 'उभौ', लॅटिनमधील 'अँबो' आणि इंग्रजीतील 'बोथ' हे एकाच प्राचीन मुळाचे अंकुर आहेत, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. संस्कृतातले द्विवचन पालीत उरले नाही, तरी 'द्वे' आणि 'उभो' या शब्दांत त्याची खूण शिल्लक राहिली. मराठीत तेच मूळ 'उभय' या रूपाने वावरते. लग्नपत्रिकेतले 'उभयता', करारनाम्यातले 'उभयपक्षी', विज्ञानातला 'उभयचर' बेडूक. या बेडकाचे इंग्रजी नाव 'अँफिबियन'. त्यातला 'अँफि' हा याच घराण्यातला ग्रीक भाऊ. व्याकरणातले 'उभयान्वयी अव्यय'ही त्यातलेच. 'उभा राहणे' यातला 'उभा' मात्र वेगळा. तो 'ऊर्ध्व' या शब्दापासून आला आहे, त्याची येथे गल्लत करू नये.

एवढे झाले, पण खरी खोच नकारात आहे. मराठीत आपण सहज म्हणतो, 'दोघेही आले नाहीत.' अर्थ स्वच्छ आहे, एकही आला नाही. याचे शब्दशः इंग्रजी 'बोथ डिड नॉट कम' असे केले की अर्थ डळमळतो. एकही आला नाही, की दोघे मिळून आले नाहीत, एकच आला? ऐकणारा दोन्ही अर्थ घेऊ शकतो. म्हणून एकही आला नसेल तर 'नायदर ऑफ देम केम' म्हणावे. एकच आला असेल तर सरळ 'ओन्ली वन ऑफ देम केम' म्हणावे. 'नायदर'मध्ये नकार आधीच आहे, त्याच्यापुढे पुन्हा 'नॉट' घालू नये. शिष्ट लेखनात त्याचे क्रियापद एकवचनी ठेवतात : 'नायदर ऑफ द आन्सर्स इज करेक्ट'. 'चुका शोधा' या प्रकारच्या प्रश्नात हे एकवचन नेमके विचारले जाते.

पुन्हा घटनेकडे जाऊ. अनुच्छेद १०१ असे सांगतो की कोणतीही व्यक्ती संसदेच्या दोन्ही सभागृहांची सदस्य असणार नाही. इंग्रजी पाठात नकार व्यक्तीला जोडला आहे, 'नो पर्सन', आणि पुढे 'बोथ हाउसेस' आहे. अर्थ असा की एका सभागृहात खुशाल असा, एकाच वेळी दोन्हींत नको. तेथे 'बोथ'च्या जागी 'आयदर' पडला असता तर कोणालाच कोणत्याही सभागृहात बसता आले नसते, आणि संसद रिकामी राहिली असती! एका शब्दाचे एवढे वजन असते.

उलट बाजूचे उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. सारनाथ येथील पहिल्या प्रवचनात तथागतांनी दोन टोके सांगितली, कामसुखात बुडणे आणि देहाला क्लेश देणे. ही दोन्ही टोके टाळून जाणारा तो मध्यम मार्ग. मूळ पालीत या ठिकाणी 'उभो' हाच शब्द आहे. आता एखाद्या विद्यार्थ्याने इंग्रजी निबंधात लिहिले की मध्यम मार्ग 'डज नॉट गो टू बोथ एक्स्ट्रीम्स', तर काटेकोर वाचक म्हणेल, म्हणजे एका टोकाला गेले तर चालते काय? धम्माचा अर्थच पालटला. लिहावे असे : 'इट अव्हॉइड्स बोथ एक्स्ट्रीम्स', किंवा 'इट गोज टू नायदर एक्स्ट्रीम'. 'अव्हॉइड' या क्रियापदात टाळण्याचा भाव आहे, पण 'नॉट' नाही, म्हणून तेथे 'बोथ' निर्धास्तपणे बसतो.

'आयदर' म्हणजे दोहोंपैकी कोणताही एक. राष्ट्रपतींवरील महाभियोगाच्या अनुच्छेद ६१ मध्ये आरोप 'आयदर हाउस'ने ठेवायचा आहे, आणि एका सभागृहाने तो ठेवला की दुसऱ्याने चौकशी करायची आहे. तेथे 'बोथ' असते तर दोन्ही सभागृहे फिर्यादी झाली असती, मग चौकशी कोणी करायची? (रस्त्याच्या 'ऑन आयदर साइड' झाडे आहेत म्हटले की मात्र दोन्ही बाजूंना आहेत असे समजावे. भाषा कधी कधी अशी चकवा देते.)

आम्ही बँकेत काम करतो, त्यामुळे हा भेद रोज काउंटरवर पाहतो. पतिपत्नी संयुक्त खाते उघडायला येतात. व्यवहार कोणाच्या सहीने चालेल, या रकान्यात पर्याय छापलेले असतात. 'जॉइंटली' म्हणजे बोथ, प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे दोघांपैकी कोणाही एकाची सही, आणि एकाच्या निधनानंतर मागे राहिलेल्याची. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे पहिले नाव ज्याचे आहे तो हयात असेपर्यंत फक्त त्याची सही, त्याच्यानंतर दुसऱ्याची. लोक हा रकाना न वाचताच खूण करतात. 'दोघांचे खाते आहे ना, मग दोघांचे म्हणून टाका,' असे म्हणून 'जॉइंटली' निवडतात. पुढे घरातला कर्ता माणूस गेला की त्या बाईला स्वतःच्या एकटीच्या सहीने पैसे काढता येत नाहीत. मृताच्या वारसांसह कागदपत्रे पूर्ण करावी लागतात, आणि ती होईपर्यंत घर उसनवारीवर चालते. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असते तर मृत्यूचा दाखला देऊन तिला पुढचा मार्ग सोपा झाला असता. बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यायचे एवढेच या रकान्याने ठरते, वारसाहक्क हा निराळा विषय आहे. तरीही दिवसकार्याच्या आठवड्यात हातात पैसे असणे म्हणजे काय, हे आम्ही वेगळे सांगायला नको. ज्यांचे संयुक्त खाते आहे त्यांनी आज घरी गेल्यावर पासबुक उघडून हा शब्द जरूर पाहावा. दोघे हयात असताना दोघांच्या सहीने तो बदलून घेता येतो.

सभासदांसाठी आणखी एक गोष्ट. संस्थेच्या खात्याला 'सर्व्हायव्हर' नसतो. तेथे ठराव चालतो. ठरावात 'अध्यक्ष व कोषाध्यक्ष, बोथ' असे लिहिले आणि कोषाध्यक्ष आजारी पडले, तर वसतिगृहाचे बिलसुद्धा थांबते. 'आयदर' लिहिले तर एकाच माणसाच्या हाती सर्व निधी जातो, आणि लोकवर्गणीच्या पैशाला ते शोभत नाही. म्हणून पुष्कळ संस्था अध्यक्ष, सचिव व कोषाध्यक्ष या तिघांपैकी 'एनी टू' असा ठराव करतात. आमच्या मते हेच बरे. येथे 'बोथ' लिहिता येणार नाही, कारण माणसे तीन आहेत, आणि 'बोथ' दोनापलीकडे जात नाही. त्रिशरणालाही 'बोथ' लावता येत नाही, तेथे 'ऑल थ्री' म्हणावे लागते.

'बोथ' आणि 'ईच' यांतला फरक थोडक्यात सांगतो. 'बोथ वेअर गिव्हन अ फॉर्म' म्हटले तर फॉर्म एक की दोन, हे कळत नाही. 'ईच वॉज गिव्हन अ फॉर्म' म्हटले की दोन फॉर्म, वाद मिटला. तसेच 'टुगेदर', 'इक्वल', 'अलाइक' या शब्दांत दोघांचा भाव आधीच असतो, तेथे 'बोथ' ची भर नको. 'दे आर अलाइक' पुरेसे आहे. 'दोहोंमधील फरक' म्हणताना 'बिटवीन बोथ' लिहू नये, 'बिटवीन द टू' लिहावे.

शेवटी जोडीचा वापर, 'बोथ' पुढे 'अँड'. येथे 'बोथ' उभयान्वयी अव्ययाचे काम करतो. त्याचा जोडीदार 'अँड'च असतो, 'अ‍ॅज वेल अ‍ॅज' नव्हे. आणि दोन्ही बाजूंना सारख्याच वजनाचा मजकूर हवा. 'बोथ इन पुणे अँड नाशिक' हे लंगडते, कारण एका बाजूला 'इन' आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही. एक तर 'बोथ इन पुणे अँड इन नाशिक' म्हणावे, किंवा 'इन बोथ पुणे अँड नाशिक'.

विद्यार्थ्यांनी ही चार वाक्ये वहीत दुरुस्त करून पाहावीत : 'माय बोथ हँड्स आर डर्टी.' 'बोथ ऑफ दे पास्ड.' 'शी नोज बोथ मराठी अ‍ॅज वेल अ‍ॅज पाली.' 'बोथ सिग्नेचर्स आर नॉट रिक्वायर्ड.' पहिली तीन सहज जमतील. चौथे वाक्य व्याकरणाने अडत नाही, पण फॉर्मवर ते दिसले तर सही करण्याआधी खिडकीवरच्या माणसाला विचारावे, एक सही हवी की एकही नको.