मुलाला वीजतंत्री व्हायचे आहे, पालकांना मात्र अधिकारी हवा

प्रश्न : दारव्हा तालुक्यातील एका कापूस उत्पादक पालकांचा मुलगा दहावीत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला असून त्याला आयटीआयमध्ये वीजतंत्री व्हायचे आहे, पालकांची इच्छा मात्र त्याने स्पर्धा परीक्षा द्यावी अशी आहे. काय करावे?

उत्तर : ज्या जिल्ह्यात कोरडवाहू कपाशीचे उत्पन्न पावसावर आणि बाजारभावावर हेलकावे खाते, तेथे सरकारी नोकरी ही पालकांना प्रतिष्ठेपेक्षाही सुरक्षिततेची हमी वाटते, आणि ही भावना समजून घेण्याजोगी आहे. परंतु आयटीआय, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था, हा नापासांचा आसरा नव्हे. वीजतंत्री अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यानंतर शिकाऊ उमेदवारी, म्हणजे कारखान्यात किंवा वीज कंपनीत विद्यावेतन घेऊन प्रत्यक्ष काम शिकण्याची मुदत, 1961 च्या कायद्यानुसार करता येते. शिवाय पुढे पदविका अभियांत्रिकीचा मार्गही खुला राहतो. सूतगिरण्या, जिनिंग कारखाने, 2019 पासून पीएम-कुसुम योजनेतून शेतोशेती पोहोचलेले सौर पंप, या सर्वांच्या दुरुस्तीसाठी कुशल हात लागतात. उलट, स्पर्धा परीक्षेत जागा मोजक्या आणि उमेदवार अनेक असल्याने मनाविरुद्ध घालवलेली वर्षे परत मिळत नाहीत. वीजतंत्रीच्या कामातील धोका मात्र खरा आहे, म्हणून सुरक्षा-साधनांचा आग्रह पालकांनी जरूर धरावा. प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी पालकांनी मुलासह जवळच्या शासकीय संस्थेची कार्यशाळा एकदा पाहून यावी.