नावाआधी गादी लिही

पोरी, गावच्या इतिहासाचं तुझं बाड वाचून काढलं. मेहनत दिसते. पण १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना पेशवाई देणारे ‘शाहू महाराज’ आणि २६ जुलै १९०२ च्या हुकमाने मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखणारेही नुसते ‘शाहू महाराज’! पहिले साताऱ्याचे, संभाजीराजांचे चिरंजीव, १७४९ मध्ये वारले. दुसरे कोल्हापूरचे राजर्षी, कागलच्या घाटग्यांच्या घरातून १८८४ मध्ये दत्तक आलेले. पुढे सूची करणारा दोघांना एकाच नोंदीत घालेल, आणि छापलेली चूक पिढ्यान्‌पिढ्या उतरवली जाते.

भोसले घराण्यात पूर्वजांची नावं फिरून फिरून ठेवलेली आहेत. म्हणून कोणाही राजाचं नाव पहिल्यांदा येईल तिथे गादी आणि साल लिही. नुसतं साल पुरत नाही. १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले, त्यानंतर काही वर्षं दोन छत्रपती एकाच वेळी होते: साताऱ्याला शाहू, पन्हाळ्याला ताराबाईंचे पुत्र शिवाजी. त्या काळातलं पत्र हाती आलं की आधी ते कोणाच्या बाजूचं आहे ते ठरव. ‘राजश्री’ दिसलं म्हणून राजा समजू नकोस. सरदारांच्या आणि कारभाऱ्यांच्या नावामागेही ते सर्रास लावत.

‘पहिले’, ‘दुसरे’ या आकड्यांवर माझा फारसा भरवसा नाही. ताराबाईंचे शिवाजी कोल्हापूरच्या मोजणीत पहिले, सगळ्या घराण्याच्या मोजणीत दुसरे. त्यापेक्षा आईवडिलांचं नाव दे, ते बदलत नाही.

शिक्का नीट वाच, पण घाईने निष्कर्ष काढू नकोस. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचं नाव असतं, मग प्रधान म्हणून पेशव्याचं. थोरल्या माधवरावांच्या शिक्क्यावर ‘राजाराम’ आहे. नवखा माणूस तिथे हमखास फसतो. शिवरायांचे पुत्र राजाराम तर १७०० मध्येच सिंहगडावर वारले. शिक्क्यावरचे राजाराम म्हणजे शाहूंच्या मागून साताऱ्याच्या गादीवर आलेले रामराजा. आणखी एक राजाराम कोल्हापूरचे, ते १८७० मध्ये परदेशातून परतताना इटलीत फ्लॉरेन्सला वारले. राजाराम कॉलेजला नाव त्यांचं आहे.

आदराची गोष्ट मला फार जवळची आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. तुझ्या स्वतःच्या वाक्यात महाराजांचा उल्लेख पूर्ण मानाने कर, एकेरी कधीही नको. पण मूळ कागद उद्धृत करशील तेव्हा त्यातलं अक्षरही हलवू नकोस. शत्रूच्या फर्मानात नाव तुटकपणे आलं असेल तर तसंच ठेव. त्याचा रोख वाचकाला कळला पाहिजे. आणि अफजलखानाच्या प्रसंगात ‘छत्रपतींनी हुकूम दिला’ असं लिहू नकोस. तो प्रसंग १६५९ चा, राज्याभिषेक ६ जून १६७४ चा. तिथे ‘शिवाजीराजे’ म्हण. त्यात मान कमी होत नाही, उलट पंधरा वर्षांत राजांनी काय उभं केलं ते वाचकाला दिसतं.

आता बाड परत नेऊन प्रत्येक ‘शाहू’, ‘शिवाजी’, ‘संभाजी’, ‘राजाराम’खाली पेन्सिलीने रेघ मार. समासात गादी आणि साल लिही. जिथे ठरवता येणार नाही, तिथे नाव कागदात जसं आहे तसं ठेव आणि ‘कोणते ते निश्चित नाही’ असं तळटीपेत सांग.