हिमजलातील स्नान

प्रस्तावना

स्नान ही आपल्या परंपरेत केवळ शरीरशुद्धीची क्रिया मानलेली नाही. कार्तिकस्नान, माघस्नान, मकरसंक्रांतीचे स्नान, पर्वणीचे स्नान अशी त्याची अनेक रूपे मराठी घरांत चालत आली आहेत. दळणवळणाच्या सोयी वाढल्यामुळे सुटीत हिमालयात जाऊन हिमनदीच्या पाण्यात डुबकी घेणारे प्रवासीही आता पुष्कळ झाले आहेत. या अनुभवाचा आनंद मोठा आहे. परंतु त्यामागील शरीरशास्त्र ठाऊक नसेल तर धोकाही तितकाच मोठा आहे. प्रस्तुत पाठात जयपूरपासून गंगोत्रीपर्यंतच्या वाटेने या विषयाचा परिचय करून दिला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर अध्ययनार्थी
• हिमनदीच्या पाण्याची वैशिष्ट्ये सांगू शकेल;
• अतिशीत पाण्याचा शरीरावर होणारा परिणाम क्रमाने स्पष्ट करू शकेल;
• अशा स्नानाच्या वेळी घ्यावयाची काळजी स्वतःच्या शब्दांत लिहू शकेल.

मूळ पाठ

१. चांदीचे कलश

जयपूरच्या सिटी पॅलेसमधील दिवाण-ए-खास या दालनात चांदीचे दोन प्रचंड कलश ठेवलेले आहेत. त्यांची उंची जवळजवळ माणसाएवढी आहे. सुमारे १४,००० रुपयांची नाणी वितळवून ते घडवले गेले, असे सांगितले जाते. इ. स. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी महाराजा सवाई माधोसिंह (दुसरे) इंग्लंडला गेले, तेव्हा या कलशांतून त्यांनी गंगाजल बरोबर नेले. परदेशातही गंगेचेच पाणी वापरायचे, असा त्यांचा नेम होता. वाळवंटाच्या उंबरठ्यावरील या नगरीत हिमालयातून येणाऱ्या पाण्याविषयी केवढा आदर होता, याची साक्ष हे कलश आजही देतात.

स्नानासाठी मात्र जयपूरकरांना दूर जावे लागत नाही. शहराच्या पूर्वेस अरवलीच्या घळीत गलता हे तीर्थ आहे. गालव ऋषींच्या नावाशी ते जोडले गेले आहे. डोंगरातील झऱ्यांचे पाणी तेथील कुंडांत साठते आणि मकरसंक्रांतीला भाविक त्यात स्नान करतात. जानेवारीतील पहाटेच्या थंडीत हे स्नानही अंगावर काटा आणते. पण कुंडाचे पाणी स्थिर असते आणि त्यात बर्फ वितळून आलेला नसतो. हिमनदीची गोष्ट निराळी आहे.

२. हिमनदीचे पाणी

उत्तराखंडातील गंगोत्री हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांबीची आहे. तिच्या मुखाला गोमुख म्हणतात. तेथून निघालेली भागीरथी देवप्रयागला अलकनंदेस मिळते आणि पुढे गंगा हे नाव धारण करते. गंगोत्रीचे मंदिर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० मीटर उंचीवर आहे. जयपूरची उंची सुमारे ४३० मीटर आहे. त्यामुळे जयपूरहून गेलेल्या प्रवाशाला पाण्याच्या थंडीबरोबर विरळ हवेचाही सामना करावा लागतो.

हिमजलाचे आणखी दोन विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहेत. हिमनदी सरकताना खडक दळला जातो आणि त्याचे पीठ पाण्यात मिसळते. पाणी गढूळ होते व तळ दिसत नाही. दुसरे असे की, सूर्य वर आला की बर्फ अधिक वितळतो. म्हणून सकाळी शांत वाटलेला प्रवाह दुपारनंतर वाढू शकतो. सकाळी ज्या खडकावर बसून पाय बुडवले, तोच खडक सायंकाळी पाण्याखाली गेलेला असू शकतो.

३. एक प्रसंग

पुढील प्रसंग उदाहरणादाखल कल्पिला आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातून सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायासाठी अनेक कुटुंबे देशभर गेली आहेत. असे एक कुटुंब जयपुरात स्थिरावले होते. मे महिन्याच्या सुटीत आजी, मुलगा, सून आणि वीस वर्षांचा नातू गंगोत्रीला गेले. नातवाने मित्रांशी पैज लावली होती, की तो खडकावरून थेट पाण्यात उडी घेईल.

“अरे, हे न्हाणीतल्या घंगाळातलं पाणी नव्हे,” आजी म्हणाल्या. “आधी पायाला लाव, मग मस्तकाला लाव, मग पुढचं बघ.”

नातू हसला. वडिलांनी डोळे वटारले म्हणून त्याने उडी टाळली. तरी घाटाच्या पायऱ्या धावतच उतरून तो छातीभर पाण्यात शिरला. त्याच क्षणी त्याचा श्वास छातीत अडकला. त्याला हाक मारायची होती, पण तोंडातून शब्द फुटेना. सुदैवाने एका हातात साखळी होती आणि दुसरा हात वडिलांनी धरला होता. बाहेर आल्यावर त्याला सदऱ्याच्या गुंड्याही लावता येईनात. आजींनी पायरीवर बसून तांब्याने पाणी घेतले. पाय, हात, मस्तक असा क्रम पाळून स्नान केले आणि लगेच अंग कोरडे केले. माघस्नानाची त्यांची जुनी रीत त्या दिवशी नातवाला प्रथमच नीट समजली.

४. शरीरात काय घडते?

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेते. अतिशीत पाण्यात एकदम शिरताच माणूस नकळत मोठा श्वास आत ओढतो. त्यानंतर धाप लागते, हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढतो. तो पहिला श्वास घेताना तोंड पाण्याखाली असेल, तर पाणी फुप्फुसात जाते. उत्तम पोहणारेही थंड पाण्यात बुडतात ते पुष्कळदा यामुळेच. त्यांचे बळ कमी पडलेले नसते. पहिला श्वास त्यांच्या ताब्यात नसतो.

कॅनडातील मानिटोबा विद्यापीठाचे संशोधक गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी यासाठी एक सोपे सूत्र मांडले आहे: एक, दहा, एक. पहिल्या १ मिनिटात श्वास ताब्यात आणावा. पुढची सुमारे १० मिनिटे हातपाय उपयोगी पडतात. नंतर स्नायू व बोटे शिथिल होतात. सुमारे १ तासात शरीर इतके गार होते, की शुद्ध हरपू शकते. हे आकडे ढोबळ आहेत. लहान मुले व कृश व्यक्ती लवकर गारठतात. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेले, की त्या अवस्थेस अल्पतापमान म्हणतात. पाण्याबाहेर आल्यावरही काही वेळ शरीर आतून गार होतच राहते, हे विसरता कामा नये.

फिनलंडमध्ये गोठलेल्या तळ्यात भोक पाडून स्नान करण्याची प्रथा आहे. मात्र ते लोक वारंवार, थोडा थोडा वेळ पाण्यात उतरतात. अशा सरावाने पहिला धक्का सौम्य होतो. सुटीवर एका दिवसासाठी गेलेल्या प्रवाशाला हा सराव नसतो. चित्रफितीत पाहिलेले धाडस त्याने आपल्या शरीराकडून एकदम मागू नये.

५. घ्यावयाची काळजी

• उडी मारू नये. हातपाय व मान ओली करून हळूहळू उतरावे.
• बांधलेल्या घाटावरच, साखळी धरून स्नान करावे. एकट्याने कधीही उतरू नये.
• हृदयविकार, उच्च रक्तदाब अथवा दमा असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तोपर्यंत पाणी मस्तकाला लावणे पुरेसे मानावे.
• मद्यपान करून पाण्यात जाऊ नये. मद्याने ऊब आल्यासारखी वाटते, पण शरीर अधिक वेगाने उष्णता गमावते.
• एक-दोन मिनिटांत बाहेर यावे, ओले कपडे बदलावे, लोकरी कपडे घालून गरम गोड पेय घ्यावे.
• कोणी फार गारठल्यास, बोलणे अडखळू लागल्यास त्याला आडवे निजवून पांघरूण घालावे व वैद्यकीय मदत बोलवावी. अंग चोळू नये.
• गोमुखाच्या अगदी जवळ जाऊ नये. तेथे बर्फाचे कडे कोसळतात.

आपण काय शिकलो?

हिमजलातील स्नानाचे पुण्य वा आनंद किती वेळ पाण्यात राहिलो यावर मोजला जात नाही. परंपरेने आधी पाय, मग मस्तक हा क्रम सांगितला; शास्त्राने हळूहळू उतरण्याचे कारण सांगितले. दोन्हींचा आशय एकच आहे: पाण्याचा मान राखावा.

शब्दार्थ

गलाई – सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचे काम
घळ – डोंगरातील अरुंद दरी
घंगाळ – अंघोळीच्या पाण्याचे मोठे भांडे
कृश – हडकुळा

स्वाध्याय

१. सवाई माधोसिंह यांनी कलशांतून गंगाजल परदेशी का नेले?
२. हिमनदीचा प्रवाह दुपारनंतर का वाढतो?
३. ‘एक, दहा, एक’ हे सूत्र तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
४. आजींची स्नानाची रीत व पाठातील शास्त्रीय माहिती यांतील साम्य आठ-दहा ओळींत लिहा.
५. सहलीला निघालेल्या धाकट्या भावाला सावध करणारे पत्र लिहा.