कर्जाचे लंडन, कमावलेले टोकियो

बारावीचा निकाल लागल्यानंतरच्या आठवड्यांत, आणि अभियांत्रिकी किंवा वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षात असलेल्या विद्यार्थ्यांच्या घरी साधारण दिवाळीपासून, समुपदेशकांपुढे दरवर्षी एकच प्रश्न येतो: मुलाला परदेशी पाठवायचे आहे, तर कोणत्या देशात पाठवावे? या प्रश्नात मुलाचा विषय नसतो, त्याला कोणते काम येते याची चौकशी नसते, आणि ज्या शहरात त्याने पुढची वीस वर्षे काढावीत अशी अपेक्षा आहे त्या शहराच्या भाषेचा तर उल्लेखही नसतो. असते ते फक्त देशाचे नाव, विद्यापीठाचे नाव आणि कर्जाची रक्कम. परदेशातील महानगरात व्यवसाय आणि संसार उभा करणाऱ्यांचे आयुष्य मात्र नेमके या गाळलेल्या गोष्टींवर ठरते, म्हणून प्रश्नाची मांडणीच बदलणे आवश्यक आहे.

सध्याची सर्वांत लोकप्रिय निवड म्हणजे ब्रिटनमधील, शक्य तर लंडनमधील, एका वर्षाची पदव्युत्तर पदवी. शिक्षणानंतर काम शोधण्यासाठी तेथे राहू देणारी ‘ग्रॅज्युएट रूट’ ही व्हिसा-सवलत जुलै 2021 मध्ये सुरू झाली आणि तिच्या दोन वर्षांच्या मुदतीवर अनेक घरांचे आर्थिक गणित बेतले गेले. परंतु 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ही मुदत अठरा महिन्यांवर येत आहे. त्यानंतर टिकून राहण्यासाठी लागणाऱ्या कुशल कामगार व्हिसाची सर्वसाधारण किमान वार्षिक वेतनमर्यादा एप्रिल 2024 मध्ये 26,200 पौंडांवरून 38,700 पौंडांवर आणि जुलै 2025 मध्ये 41,700 पौंडांवर गेली. नवपदवीधरांना या मर्यादेत काही सवलत मिळते, पण ती ठरावीक काळापुरतीच असते. शिवाय नोकरी देणाऱ्या कंपनीकडे परदेशी कर्मचारी आणण्याचा प्रायोजक परवाना असावा लागतो, आणि अनेक लहान कंपन्यांकडे तो नसतो. लंडनमधील शुल्क आणि राहण्याचा खर्च मिळून चाळीस लाख रुपयांच्या पुढे सहज जातो. भारतीय बँकांच्या सर्वसाधारण शैक्षणिक कर्जयोजनेत परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण एका वर्षाने सुरू होते, म्हणजे मुलगा अजून नोकरीच्या अर्जांमागे धावत असतानाच पहिला हप्ता दारात उभा राहतो. ही वस्तुस्थिती ठाऊक असूनही, केवळ अभ्यासक्रम एका वर्षात संपतो या एकाच गुणावर लंडन निवडणे हा शुद्ध अविचार आहे.

इतर परिचित वाटांविषयी थोडक्यात सांगता येते. अमेरिकेत एच-वन-बी या कामाच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा 85,000 आहे आणि अर्ज तिच्याहून कितीतरी अधिक येत असल्याने निवड सोडतीने होत आली आहे. कॅनडाने 2024 पासून विद्यार्थी परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घातली आहे. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, पण जर्मन भाषा न येणाऱ्या पदवीधराला तेथे नोकरी मिळणे अवघड जाते, ही गोष्ट निघताना क्वचितच कोणी सांगते. या सर्व वाटांची चर्चा घरोघरी होते. ज्या वाटेची होत नाही, आणि जिचा पहिला टप्पा पुण्या-मुंबईतच, कर्जाशिवाय पार करता येतो, ती टोकियोची वाट आहे.

टोकियोतील भारतीय व्यावसायिकांची वस्ती फार जुनी नाही. सन 2000 च्या सुमारास संगणकांच्या तारीखबदलाचा प्रश्न सोडवण्यासाठी जपानी बँकांना आणि कंपन्यांना प्रोग्रामर हवे होते. त्या निमित्ताने आलेली मंडळी शहराच्या पूर्वेकडील एदोगावा प्रभागात, निशी-कासाई स्थानकाच्या परिसरात राहू लागली, कारण तेथून तोझाई मार्गाच्या मेट्रोने ओतेमाची आणि निहोनबाशी या व्यापारी भागांत थेट जाता येते. महाराष्ट्रात वाढलेले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये याच एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले. तरीही संपूर्ण जपानातील भारतीयांची संख्या आजही पन्नास हजारांच्या आसपासच आहे, तर तेथील व्हिएतनामी नागरिक सहा लाखांच्या घरात पोहोचले आहेत. दुसरीकडे जपानची लोकसंख्या 2008 पासून घटत आहे आणि 2024 मध्ये जपानी नागरिकांच्या पोटी जन्मलेल्या मुलांची संख्या सात लाखांच्याही खाली गेली. मनुष्यबळाची ही टंचाई दोन-चार वर्षांत संपणारी नाही.

कायदेशीर चौकटही समजण्यासारखी आहे. जपानमध्ये प्रत्येक परदेशी व्यक्तीला कामाच्या स्वरूपानुसार एक निवास-दर्जा मिळतो. अभियंते, लेखापाल, विपणन किंवा अनुवाद करणारे यांच्यासाठी जो दर्जा आहे त्याला बोलीभाषेत ‘गिजिन्कोकु’ म्हणतात; त्यासाठी कामाशी संबंधित पदवी, अथवा सामान्यतः दहा वर्षांचा अनुभव, आणि जपानी संस्थेशी करार लागतो. तेथे सोडत नाही. याखेरीज 2012 पासून उच्चकुशल व्यावसायिकांसाठी गुणपद्धती लागू आहे, जिच्यात वय, शिक्षण, अनुभव, वेतन आणि भाषा यांचे गुण मोजले जातात: 70 गुण मिळवणारी व्यक्ती तीन वर्षांनी आणि 80 गुण मिळवणारी एका वर्षाने कायम वास्तव्यासाठी अर्ज करू शकते, तर इतरांना सर्वसाधारणपणे दहा वर्षे थांबावे लागते. या गुणांत जपानी भाषेच्या सर्वोच्च पातळीला 15 आणि त्याखालच्या पातळीला 10 गुण आहेत, आणि नुसत्या पदवीलाही 10 गुणच आहेत. म्हणजे भाषेची जी तयारी कोथरूडमधल्या किंवा दादरमधल्या घरी बसून करता येते, तिचे मोल या पद्धतीत पदवीच्या बरोबरीने धरले जाते.

ही भाषापरीक्षा म्हणजे जपानी भाषाप्राविण्य परीक्षा, जिला विद्यार्थी ‘जेएलपीटी’ म्हणतात. ती 1984 मध्ये सुरू झाली आणि 2010 पासून एन 5 या प्राथमिक पातळीपासून एन 1 पर्यंत तिच्या पाच पातळ्या आहेत. पुण्यात जपानी शिकवण्याची परंपरा जुनी आहे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये चालणारा पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि कितीतरी खासगी वर्ग यांतून पिढ्या तयार झाल्या आहेत. मराठी विद्यार्थ्याला वाक्यरचना परकी वाटत नाही, कारण क्रियापद शेवटी येते आणि नामाला लागणारे संबंधदर्शक शब्द नामानंतर येतात; खरी कसोटी कांजी या चित्राक्षरांची असते, ज्यांपैकी 2,136 अक्षरे नित्य वापरासाठी अधिकृतपणे निश्चित केलेली आहेत. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी सुरुवात करणारा नियमित विद्यार्थी पदवी हाती येईपर्यंत एन 3 पर्यंत, आणि विशेष कष्ट केल्यास एन 2 पर्यंत, जाऊ शकतो. मात्र या परीक्षेत बोलणे आणि लिहिणे तपासलेच जात नाही, फक्त वाचन, ऐकणे आणि व्याकरण तपासले जाते. त्यामुळे प्रमाणपत्र असूनही मुलाखतीत गप्प बसणारे उमेदवार पुष्कळ असतात, आणि बोलण्याचा सराव स्वतंत्रपणे करावा लागतो.

भाषा आणि तंत्रज्ञान दोन्ही येणाऱ्या व्यक्तीसाठी या क्षेत्रात ‘ब्रिज एसई’ हे नाव रूढ आहे, म्हणजे जपानी ग्राहक आणि भारतातील तंत्रज्ञांचा गट यांच्यातील दुवा सांभाळणारा अभियंता. पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांना अशी माणसे सतत हवी असतात, आणि म्हणूनच भारतात दोन-तीन वर्षे नोकरी करून नंतर जपानला जाणे हा सर्वांत शहाणपणाचा क्रम ठरतो. कंपनीने ‘ऑनसाइट’ पाठवलेला कर्मचारी आणि जपानी कंपनीने स्वतःच्या आस्थापनेवर घेतलेला कर्मचारी यांत मात्र मोठा फरक आहे: पहिल्याचा मुक्काम ग्राहकाच्या कंत्राटावर अवलंबून असतो. तिसरा प्रकार ‘हाकेन’चा, ज्यात नेमणूक मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीची आणि काम दुसऱ्याच कंपनीत असते; करारावर सही करण्यापूर्वी आपला मालक नेमका कोण आहे हे प्रत्येकाने तपासून घेतलेच पाहिजे. कामाच्या रीतीत वरिष्ठांना वेळोवेळी अहवाल देणे, संबंधितांना कळवणे आणि अडचण येताच सल्ला घेणे या तीन गोष्टींवर, ज्यांना एकत्रितपणे ‘होरेन्सो’ म्हणतात, कमालीचा भर असतो, आणि स्वतःच्या हिमतीवर परस्पर निर्णय घेणारा हुशार मुलगा तेथे अविश्वासू ठरू शकतो. जादा कामाच्या तासांवर 2019 पासून महिन्याला 45 आणि वर्षाला 360 तासांची सर्वसाधारण कायदेशीर मर्यादा आहे; तरीही कामाचा दिवस लांबच असतो.

पैशाच्या बाबतीत भ्रम बाळगू नये. नव्या पदवीधराचे मासिक वेतन साधारणतः सव्वादोन ते अडीच लाख येन असते. त्यातून निवृत्तिवेतन, आरोग्यविमा यांसारख्या सामाजिक विम्यापोटी सुमारे सातवा हिस्सा कापला जातो, आणि मागील वर्षाच्या उत्पन्नावरील स्थानिक निवासी कर दुसऱ्या वर्षापासून सुरू झाला की हाती येणारी रक्कम आणखी घटते. येनचे मूल्यही घसरले आहे: 2011 मध्ये एका डॉलरला 80 येनच्या आसपास असलेला दर 2024 च्या मध्यावर 160 च्या पुढे गेला. लवकर श्रीमंत होऊन परतण्यासाठी टोकियो हे योग्य शहर नाही. कर्ज नसलेल्या तरुणाला तेथे नीट राहता येते, थोडे शिल्लक टाकता येते आणि व्यवसायात मुरता येते. चाळीस लाखांचे ओझे घेऊन गेलेल्याला हेच वेतन अपुरे पडेल. जपानमधील भाषाशाळेत कर्ज काढून दाखल व्हायचे आणि अर्धवेळ नोकरीवर ते फेडायचे, असा सल्ला देणारे दलाल वाढले आहेत. विद्यार्थ्याला परवानगी घेऊनही सामान्यतः आठवड्याला 28 तासच काम करता येते, हे लक्षात घेतले तर तो सल्ला फसवा आहे हे सहज कळते. परिचर्या, शेती अशा क्षेत्रांसाठी 2019 मध्ये सुरू झालेल्या ‘विशिष्ट कौशल्य’ दर्जाचीही जाहिरात जोरात आहे, परंतु त्याच्या पहिल्या श्रेणीत एकूण मुक्काम सामान्यतः पाच वर्षांचा असतो आणि कुटुंब सोबत नेता येत नाही.

संसाराचा विचार नोकरीइतकाच गंभीरपणे व्हायला हवा. घर भाड्याने घेताना अनामत रक्कम, घरमालकाला द्यावी लागणारी परत न मिळणारी ‘रेइकिन’ ही रक्कम आणि हमी देणाऱ्या कंपनीचे शुल्क असा खर्च एकदम येतो, आणि काही घरमालक परदेशी भाडेकरू नाकारतात. म्हणूनच रेइकिन आणि हमीदार न मागणाऱ्या ‘यूआर’ या सार्वजनिक संस्थेच्या इमारतींत पुष्कळ भारतीय कुटुंबे राहतात. मुलांसाठी कोतो आणि एदोगावा प्रभागांत सीबीएसई अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत, ज्यांमुळे परतणे सोपे जाते पण मुले जपानी समाजाबाहेरच वाढतात. सरकारी शाळेत नववीपर्यंत शिक्षणशुल्क नाही, मात्र सारे शिक्षण जपानीत असते. सर्वाधिक किंमत मोजते ती बहुधा पत्नी. आश्रित दर्जावर गेलेल्या जोडीदाराला परवानगीनंतरही आठवड्याला 28 तासांचीच मर्यादा असते, आणि भारतात पूर्णवेळ नोकरी करणारी सुशिक्षित स्त्री भाषेअभावी घरात अडकून पडते. लग्न ठरवताना मुलाच्या परदेशी नोकरीची चौकशी करणाऱ्या घरांनी मुलीच्या कामाचे तेथे काय होणार, हेही तितक्याच स्पष्टपणे विचारले पाहिजे, आणि भाषेचा वर्ग दोघांनी मिळून लावला पाहिजे.

शेवटी पालकांविषयी, कारण बहुतेक चुकीचे निर्णय विद्यार्थ्यांचे नसून त्यांचे असतात. शेजारच्या घरातला मुलगा गेला, नात्यातली मुलगी गेली, लग्नाच्या बाजारात परदेशातील स्थळाला मान आहे, या कारणांसाठी मुलाला ढकलणे हा त्याच्यावर केलेला अन्याय आहे. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला बँका सामान्यतः तारण मागतात आणि ते तारण बहुतेक वेळा आईवडिलांचे राहते घर असते. त्या क्षणापासून मुलाला अपयश घेऊन परतण्याचे स्वातंत्र्य उरत नाही, आणि तो नको असलेली कामे, निकृष्ट निवारा आणि एकाकीपणा घरी न सांगता सोसत राहतो. पालकांनी ध्यानात घ्यावे अशी आणखी एक गोष्ट म्हणजे, मुलगा जपानमध्ये स्थिरावला तरी आईवडिलांना तेथे कायमचे राहता येईल असा सर्वसाधारण मार्ग नाही. भेटीसाठी मिळणारा मुक्काम जास्तीत जास्त 90 दिवसांचा असतो. उच्चकुशल दर्जाच्या व्यक्तीला सात वर्षांखालील मुलाच्या संगोपनासाठी किंवा गरोदरपणात मदतीसाठी, आणि घराचे वार्षिक उत्पन्न किमान 80 लाख येन असल्यासच, आईवडिलांना दीर्घकाळ नेता येते. ज्यांना म्हातारपणी मुलाच्या शेजारी राहायचे आहे त्यांनी हे आजच मुलाशी मोकळेपणाने बोलावे, त्याला परदेशी लोटून नंतर परत न आल्याचा दोष देऊ नये. आणि ज्या मुलाला जायचेच नाही, त्याचे नाही हे उत्तर म्हणून स्वीकारावे.

ज्या घरात या वर्षी तारणाच्या कागदांवर सही होणार आहे, तेथे ती वर्षभर पुढे ढकलावी आणि मुलाला, किंवा मुलीला, जवळच्या जपानी वर्गात घालावे. कांजी गिरवण्याची चिकाटी आहे की नाही, परक्या रीतीत रमण्याची तयारी आहे की नाही, हे तेवढ्या काळात घरीच कळेल, आणि उत्तर नकारार्थी आले तरी गमावलेली रक्कम काही हजारांचीच असेल. पुणे आणि मुंबई ही दोन्ही शहरे जेएलपीटीची केंद्रे आहेत, आणि परीक्षा जुलै व डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते; तिची नोंदणी बरेच आठवडे आधी बंद होते.