मेहुण्यांचा ‘रबर सोल’ खोटा आहे का?

प्रश्न : मी आणि अमेरिकेत न्यू जर्सीला स्थायिक झालेले माझे मेहुणे, दोघेही बीटल्सचे जुने चाहते. आम्ही आपापल्या पाच आवडत्या अल्बमची क्रमवारी लावली. त्यांचा पहिला ‘रबर सोल’ आणि पाचवा ‘रिव्हॉल्व्हर’. माझं बरोबर उलट. वाद घालताना कळलं, की त्यांच्या ‘रबर सोल’वर पहिलं गाणंच वेगळं आहे! त्यांची रेकॉर्ड नकली आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : मेहुण्यांची रेकॉर्ड अस्सल आहे आणि तुमचीही. तुम्ही दोघे एकाच नावाच्या दोन वेगळ्या अल्बमवरून भांडताय.

बीटल्सच्या रेकॉर्डी इंग्लंडमध्ये पार्लोफोन काढत असे, अमेरिकेत कॅपिटल. दोन्ही ईएमआय कंपनीच्याच छत्राखालच्या, पण बाजारांची रीत निराळी. इंग्लंडमध्ये अल्बमवर सहसा चौदा गाणी असत, आणि सिंगल म्हणून सुटं विकलेलं गाणं शक्यतो अल्बमवर पुन्हा घेत नसत; गिऱ्हाइकाला एकाच गाण्याचे पैसे दोनदा का द्यायला लावायचे, असा विचार त्यामागे होता. अमेरिकेत उलट. तिथे गाजलेलं सिंगल अल्बमवर असलं तर अल्बम खपे. शिवाय गीतकार-प्रकाशकांचं मानधन गाण्यागणिक मोजलं जाई, त्यामुळे अकरा-बारा गाण्यांची रेकॉर्ड कंपनीला स्वस्त पडे. मग कॅपिटल काय करी? ब्रिटिश अल्बममधली काही गाणी बाजूला काढी, त्यांत एखाद-दोन सिंगल घाली आणि त्यातून आणखी एक अल्बम उभा करी.

‘रबर सोल’ दोन्ही देशांत डिसेंबर 1965 मध्ये, एकाच आठवड्यात आला. कॅपिटलने त्यातली ‘ड्राइव्ह माय कार’ आणि ‘नोव्हेअर मॅन’ धरून चार गाणी काढली आणि दोन घातली. ही दोन कुठून आली? ब्रिटिश ‘हेल्प!’मधून. अमेरिकन ‘हेल्प!’वर बीटल्सची सातच गाणी होती, बाकी त्याच नावाच्या सिनेमाचं वाद्यसंगीत; त्यामुळे उरलेली गाणी कंपनीच्या हाताशी होतीच. अशी झाली बारा.

आता हे कानाला काय करतं ते पाहा. तुमची रेकॉर्ड सुरू होते ती ‘ड्राइव्ह माय कार’च्या कडक इलेक्ट्रिक गिटारने. मेहुण्यांची सुरू होते ‘आय हॅव जस्ट सीन अ फेस’ने : अकूस्टिक गिटारी, धावती लय, आणि बास गिटार अजिबात नाही. दुसरी बाजूही ‘हेल्प!’मधल्याच ‘इट्स ओन्ली लव्ह’ने उघडते. या दोन बदलांनी सगळ्या अल्बमचा रंग लोकसंगीताकडे झुकतो. ‘ओरिजिनल तेच चांगलं’ असं म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बीच बॉईज या अमेरिकन बँडच्या ब्रायन विल्सनला ज्या ‘रबर सोल’ने झपाटलं आणि ज्यातून 1966 चा ‘पेट साउंड्स’ घडला, तो हाच बारा गाण्यांचा अमेरिकन अल्बम. पुढे ‘पेट साउंड्स’ने पॉल मॅकार्टनी भारावला आणि ‘सार्जंट पेपर’कडे वळला. म्हणजे कंपनीच्या काटछाटीतून निघालेल्या रेकॉर्डने संगीताचा इतिहास पुढे ढकलला.

‘रिव्हॉल्व्हर’चं मात्र खरंच नुकसान झालं. जून 1966 मध्ये कॅपिटलला ‘यस्टरडे अँड टुडे’ नावाचा जोड-अल्बम काढायचा होता. ‘रबर सोल’मधून वगळलेली चारही गाणी त्यात गेली, तरी भरती हवी होती म्हणून अजून बाहेर न आलेल्या ‘रिव्हॉल्व्हर’मधली तीन आधीच उचलली. तिन्ही जॉन लेननची. ऑगस्टमध्ये अमेरिकेत ‘रिव्हॉल्व्हर’ आला तेव्हा चौदाची अकरा झालेली, आणि लेननने गायलेली पाचांपैकी दोनच उरलेली. जॉर्ज हॅरिसनची मात्र तीनही शाबूत. तोवर अल्बममध्ये लेनन-मॅकार्टनीपेक्षा कमी वाटा मिळणारा हॅरिसन इथे लेननच्या पुढे! मेहुण्यांनी हा अल्बम पाचवा ठेवला, त्यात त्यांच्या कानांचा दोष नाही. जाता जाता, हॅरिसनच्या त्या तीनपैकी ‘लव्ह यू टू’वर तबला आहे अनिल भागवत यांचा, आणि त्यांचं नाव रेकॉर्डच्या कव्हरवर छापलेलं आहे. तुमची प्रत उलटून नक्की वाचा.

गाणी गेली म्हणजे हरवली, असाही एक समज आहे. तसं नाही, ती दुसऱ्या रेकॉर्डवर सापडतात. पण एका संध्याकाळी सलग ऐकायची चौदा गाण्यांची बांधणी मोडते, आणि क्रमवारी आपण गाण्यांची नव्हे, त्या बांधणीची लावत असतो.

1967 च्या ‘सार्जंट पेपर’पासून दोन्ही देशांत गाणी आणि त्यांचा क्रम एकच झाला. 1987 मध्ये सीडी निघाल्या तेव्हा जगभर ब्रिटिश आवृत्ती प्रमाण मानली गेली. अपवाद ‘मॅजिकल मिस्टरी टूर’चा, कारण इंग्लंडमध्ये ते मुळात दोन छोट्या रेकॉर्डींचा संच होतं, अल्बम अमेरिकेतच झाला. तोच धरून आज अल्बमचा आकडा तेरा होतो. जुन्या अमेरिकन अल्बमचा संच 2014 मध्ये पुन्हा सीडीवर आला आहे, तेव्हा ऐकायची सोय तुम्हालाही आहे.

तेव्हा दोघांनी यादीत नावापुढे देशही लिहा आणि एकमेकांची रेकॉर्ड एकदा पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐका. माझं मत विचाराल तर ‘रबर सोल’ मी मेहुण्यांचा घेईन आणि ‘रिव्हॉल्व्हर’ तुमचा. उचललेल्या त्या तिनांपैकी ‘आय ॲम ओन्ली स्लीपिंग’मधली उलटी वाजणारी गिटार नसलेला ‘रिव्हॉल्व्हर’ मला पहिल्या पाचांत ठेवताच येणार नाही.