परसबागेतील टोमॅटो : नव्या वाणाची पारख आणि जुन्या बियाण्याची जपणूक

परसबाग हे कुटुंबाच्या आहाराचे जसे साधन आहे, तसेच ते बियाण्याचे भांडारही आहे. गोमंतकातील आगशी व ताळगावची वांगी, सात शिरांची भेंडी आणि काणकोण तालुक्यातील खोल्याची मिरची हे वाण आज टिकून आहेत. दर हंगामात उत्तम फळ वेगळे काढून त्याचे बी जपणाऱ्या शेतकरी स्त्री-पुरुषांना त्याचे श्रेय जाते. २०२० मध्ये खोल्याच्या मिरचीस भौगोलिक चिन्हांकन लाभले. परंतु त्यापूर्वी कित्येक पिढ्या तिचे बी घरोघरी जपले गेले होते, हे विसरता कामा नये.

टोमॅटोच्या बाबतीत मात्र ही परंपरा फारशी रुजली नाही. मूळ दक्षिण अमेरिकेतील या वनस्पतीची मेक्सिकोत लागवड झाली आणि सोळाव्या शतकात ती युरोपात पोहोचली. आपल्याकडे ती समुद्रमार्गे आली. विदर्भात तिला ‘भेदरे’ असे देशी नावही मिळाले. तथापि बहुतेक परसबागांत तिचे बी वा रोप आजही विकतच आणले जाते. अलीकडे पिवळ्या, जांभळट व पट्टेदार फळांचे जुने विदेशी वाण हौशी बागायतदारांना आकर्षित करीत आहेत. ही हौस स्वागतार्ह आहे. मात्र तिला पद्धतशीर पारखीची जोड नसेल, तर हंगाम वाया जातो आणि बीही हाती राहत नाही.

वारसा वाण म्हणजे काय?

ज्या वाणाच्या बियांपासून पुढील पिढीत तशीच झाडे उपजतात, त्यास सरळ वाण म्हणतात. असा सरळ वाण एखाद्या कुटुंबाने वा गावाने पिढ्यान्पिढ्या जपला, म्हणजे तो वारसा वाण ठरतो.

अमेरिकेतील ‘जर्मन पिंक’ या टोमॅटोचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकात बव्हेरियातून अमेरिकेस गेलेल्या ओट कुटुंबाने हे बी आपल्याबरोबर नेले. पुढे वृद्ध आजोबांनी ते आपली नात डायन ओट व्हीली हिच्या स्वाधीन केले. आजोबांच्या पश्चात हे बी आपण जपले नाही तर ते नष्ट होईल, हे तिच्या ध्यानी आले. तिने व पती केंट व्हीली यांनी १९७५ मध्ये बियाण्यांची देवाणघेवाण करणाऱ्यांना एकत्र आणण्याचे कार्य आरंभिले. तेच पुढे ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ या संस्थेच्या रूपाने विस्तारले. एका घरातील मूठभर बी दुसऱ्या हाती पडले नसते, तर तो वाण तेथेच संपला असता.

संकरित वाणाचे बी याहून भिन्न असते. दोन निवडक वाणांच्या संकरातून पहिल्या पिढीत एकसारखी व जोमदार झाडे मिळतात. परंतु त्यांच्या फळांतील बी पेरल्यास पुढील पिढीत गुणांची फाटाफूट होते. हा आनुवंशिकतेचा नियम मेंडेल यांनी १८६६ मध्ये वाटाण्यावरील प्रयोगांतून मांडला. याचा अर्थ संकरित वाण त्याज्य होय, असा नव्हे. बंगळूर येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण तीन प्रमुख रोगांना तोंड देतो. मात्र त्याचे बी घरी राखण्यात अर्थ नाही, हे ध्यानात ठेवावे.

किनारपट्टीवरील मुख्य अडचण : मर रोग

गोमंतकाची जांभ्या दगडापासून बनलेली जमीन आम्लधर्मी आहे. अशा उष्ण व दमट भागात टोमॅटोचा मोठा शत्रू म्हणजे जीवाणुजन्य मर रोग. हिरवेगार झाड दोन-चार दिवसांत कोमेजते आणि पाणी दिले तरी सावरत नाही. या रोगाची ओळख पटविण्याची रीत सोपी आहे. झाडाचे खोड जमिनीलगत कापून त्याचा तुकडा काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात उभा धरावा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखे पांढरे धागे पाण्यात उतरू लागले, तर मर रोग जीवाणुजन्य आहे असे समजावे.

रोग जडलेल्या झाडास वाचविणारे औषध नाही; म्हणून प्रतिबंध हाच उपाय. रोगट झाड मुळासकट उपटून जाळावे. वांगी, मिरची वा बटाटा घेतलेल्या जागी लगेच टोमॅटो लावू नये, कारण ही सर्व एकाच कुळातील पिके आहेत. पावसाळी भातानंतरची जागा अधिक सुरक्षित असते. माती परीक्षणानुसार चुना द्यावा व वाफे उंच ठेवावेत.

विदेशी वारसा वाणांपैकी बहुतेकांत या रोगाचा प्रतिकार करण्याची शक्ती नाही. त्यांच्या तुलनेसाठी ‘अर्का आभा’, ‘अर्का आलोक’ किंवा केरळ कृषी विद्यापीठाचा ‘शक्ती’ हे रोगप्रतिकारक सरळ वाण शेजारी लावणे हिताचे ठरते. त्यांचे बीही घरी राखता येते. मर रोगास दाद न देणाऱ्या वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचे कलम करण्याची पद्धतही आता प्रचलित आहे. आवडीचा पण नाजूक वाण टिकविण्यास ती उपयुक्त आहे.

परीक्षणाची पद्धत

नव्या वाणास पहिल्या वर्षी परसबागेचा चौथा हिस्साच द्यावा. उरलेल्या जागेत परिचित वाण लावावा, म्हणजे घरच्या भाजीची तूट पडणार नाही. पुढील क्रम पाळावा.

१. ओल्या फडक्यात पन्नास बिया गुंडाळून उगवण पाहावी. पस्तीसहून कमी बिया उगवल्यास ते बी निकृष्ट समजावे.

२. ऑक्टोबरमध्ये रोपे करावीत. पांढऱ्या माशीमुळे पाने चुरडण्याचा विषाणुजन्य रोग पसरतो. म्हणून रोपांवर बारीक जाळी धरावी.

३. पंचवीस ते तीस दिवसांनी नव्या व परिचित वाणाची प्रत्येकी किमान सहा रोपे एकाच दिवशी, एकाच प्रकारच्या मातीत, दोन फूट अंतरावर लावावीत. वारसा वाण बहुधा उंच वाढतात. त्यांना पुरुषभर उंचीचा आधार द्यावा.

४. पाणी नियमित द्यावे व पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. पाण्याची ओढ बसली, तर चुन्याचे तत्त्व फळापर्यंत पोहोचत नाही आणि फळाच्या बुडाशी काळा डाग पडतो.

५. पहिले फूल, पहिले पिकलेले फळ, फळांची संख्या व वजन, मेलेली झाडे आणि घरच्या माणसांनी सांगितलेली चव यांची वहीत नोंद ठेवावी.

मोठ्या फळांचे वाण उशिरा येतात. रात्री उबदार होऊ लागल्या की त्यांची फुले गळतात. म्हणून लागवडीस विलंब झाला असेल, तर वाणास दोष न देता पुढील वर्षी लवकर लावून पुन्हा पाहावे.

बी राखण्याची रीत

टोमॅटोचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. तथापि बटाट्यासारख्या पानांच्या काही जुन्या वाणांत परपरागीभवन होऊ शकते. यासाठी कळ्या उमलण्यापूर्वीच घोसावर मलमलीची पिशवी बांधावी. फळ धरल्यावर ती काढून तेथे रंगीत दोरा बांधावा. बी एकाच झाडाचे न घेता अनेक निरोगी झाडांच्या पूर्ण पिकलेल्या फळांचे घ्यावे.

गरासह बी भांड्यात दोन-तीन दिवस आंबू द्यावे. त्यामुळे उगवण रोखणारे बुळबुळीत आवरण निघून जाते. नंतर पाणी घालून ढवळावे. तळाशी बसलेले बी धुऊन सावलीत वाळवावे व वाणाचे नाव आणि वर्ष लिहून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे. कोरड्या व थंड जागी असे बी चार-पाच वर्षे टिकते. प्रत्येक वाणाचे थोडे बी शेजारच्या घरीही द्यावे. एका घरी नष्ट झाले तरी दुसऱ्या घरी ते मिळते.

सामूहिक जबाबदारी

वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ अन्वये शेतकऱ्यास आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा व विकण्याचा हक्क आहे; संरक्षित वाणाचे बी मात्र व्यापारी नाममुद्रेखाली विकता येत नाही. हा हक्क कागदावर राहू न देता तो दर हंगामात वापरला गेला पाहिजे. शिक्षकांनी शाळेच्या बागेत दोन वाणांची तुलना करवून घेतल्यास विद्यार्थ्यांना गणित, विज्ञान व स्वावलंबन यांचा पाठ एकदमच मिळेल. ग्रामपातळीवरील अधिकाऱ्यांनी अशा नोंदी गोळा केल्यास कोणत्या वाड्यावर कोणता वाण तग धरतो, हे सर्वांना कळेल.

आगशीच्या वांग्यास घडविणारे हात आपल्याच गावांतील होते. या मातीत तग धरणारा, घरच्या चवीस उतरणारा टोमॅटोही तेच हात निवडू शकतील. त्यासाठी एक वाफा, एक वही आणि दर हंगामात आठवणीने वेगळे काढलेले एक उत्तम फळ एवढी सामग्री पुरेशी आहे.