पाळकांची उजळणी: खर्च किती आणि कोणाचा?

सेवेत दहा-पंधरा वर्षं गेली की पाळकाला पुन्हा अभ्यासाला बसावंसं वाटतं. सेमिनरीतलं ग्रीक पुसट झालेलं असतं. व्यसन, कर्ज, मोडलेले संसार असे मंडळीतले प्रश्न तेव्हाच्या वह्यांत नव्हतेच. पाच-सहा दिवसांच्या उजळणी वर्गाने मोठा आधार मिळतो. तरी बरेच पाळक जात नाहीत, कारण सारा खर्च त्यांनी आपल्या मानधनातून करायचा असं गृहीत धरलेलं असतं. हे बदलायला हवं. वर्गाचा लाभ मंडळीला होतो, तेव्हा पैसेही मंडळीने द्यावेत.

जवळचं ठिकाण म्हणजे पुण्याच्या बिबवेवाडीतली युनियन बिब्लिकल सेमिनरी. ती १९५३ साली यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात आली. बंगळुरूचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज १९१० सालचं. दोन्हीकडे शिक्षण इंग्रजीतून चालतं. यंदा लघुवर्ग आहे का, हे थेट कार्यालयात विचारा. मराठीतून वर्ग हवा असेल तर आधी आपल्या डायोसिसकडे चौकशी करा.

फीचा आकडा ऐकून लगेच हो किंवा नाही म्हणू नका. त्यात राहणं-जेवण धरलं आहे का? खोली एकट्याची की दोघा-तिघांत? नोट्स आणि झेरॉक्सचे पैसे वेगळे का? ऐनवेळी मंडळीत कोणी वारलं आणि यावं लागलं, तर किती रक्कम परत मिळेल? हा शेवटचा प्रश्न पाळकाने तरी विसरू नये. सवलत किंवा शिष्यवृत्ती असेल तर अर्जासोबतच मागा. त्यात संकोच कशाला?

प्रवास सहसा स्वस्तात होतो. २५ जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या एसटीचा दर ६ किलोमीटरच्या टप्प्याला १०.०५ रुपये झाला. अहिल्यानगर ते पुणे साधारण १२० किलोमीटर, म्हणजे त्या दराने एका वेळचे २०० रुपयांच्या आसपास. महिला पाळकांना राज्यात अर्धं तिकीट आहे. बंगळुरूला जायचं तर रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तारीख ठरली की तिकीट काढून टाका, तत्काळचे जादा पैसे वाचतात.

खरा खर्च मागे राहतो. रविवारची उपासना कोण घेणार? बोलावलेल्या सेवकाला नुसतं जेवण घालून पाठवू नका. पेट्रोल आणि वर किमान हजार रुपये द्यावेत, असं माझं मत आहे. वर्ग सोमवार ते शुक्रवार असेल तर हा खर्च मुळातच टळतो, म्हणून निवड करताना आधी वार पाहा. नाताळ आणि पुनरुत्थान सणाच्या आधीचे आठवडे टाळा. आणि पाळक नसताना आजाऱ्यांच्या भेटी, संडे स्कूल, आलेल्यागेलेल्यांचं चहापाणी हे सगळं पाळकीणबाईंवर पडतं. ते फुकटचं काम समजू नये. कमिटीतल्या दोघा-तिघांनी ते दिवस वाटून घ्यावेत.

पुस्तकांना दीड-दोन हजार रुपये बाजूला ठेवा, पण यादी पाहताच खरेदी करू नका. सेमिनरीच्या ग्रंथालयात बसून आधी चाळा. ग्रीक ताजं करायला २०१० साली आलेली एसबीएल ग्रीक नव्या कराराची डिजिटल प्रत मोफत मिळते, आणि टिंडेल हाउसचं स्टेप बायबलही विनाशुल्क आहे.

कमिटीने मार्चआधी वार्षिक अंदाजपत्रकात ‘पाळक प्रशिक्षण’ असं वेगळं खातं घालावं. आयत्या वेळी वर्गणी काढली की पाळकाला उपकाराखाली गेल्यासारखं होतं. लहान मंडळीला एकटीने झेपत नसेल तर शेजारच्या दोन मंडळ्यांनी मिळून रक्कम जमवावी आणि पाळकांना आळीपाळीने पाठवावं. जो मागे राहील त्याने दुसऱ्याचा रविवार सांभाळावा. जाण्यापूर्वी पाळकाच्या हाती आगाऊ रक्कम द्या. पावत्या आल्यावर आठवड्याभरात खजिनदाराने हिशेब मिटवावा.